मेघांतील कोठार

नवा स्मार्टफोन घरांत आला कीं तो प्रथम खातें विचारतो, आणि लागलाच छायाचित्रें व पत्ते क्लाउडमध्यें ठेवूं काय, असा प्रश्न करतो. बहुतेक गृहस्थ होकार देऊन मोकळे होतात. या होकारामागचा इतिहास फार जुना नाहीं, पण जाणून घेण्याजोगा खास आहे.

२०११ पूर्वीं आयफोनमधील ऐवजाची नक्कल ठेवावयाची तर तो तारेनें घरच्या संगणकास जोडावा लागे. त्या वर्षीं ऑक्टोबरांत ॲपलनें आयक्लाउड सुरू करून ५ जीबी जागा फुकट दिली, आणि ती तार सुटली. २०१२ च्या एप्रिलांत गूगल ड्राइव्ह आला.

परंतु याआधींच, २००९ सालीं, अमेरिकेंत एक विलक्षण प्रसंग घडला होता. टी-मोबाइल कंपनी 'साइडकिक' नांवाचा फोन विकीत असे. ग्राहकाचे पत्ते, छायाचित्रें, दिनदर्शिका हें सारें मुळांत दूरच्या यंत्रांवर राही. हातांतल्या फोनांत असे ती केवळ त्याची पडछाया. फोन हरवला तरी नव्यांत सर्व परत येई. तीं यंत्रें डेंजर नांवाची कंपनी सांभाळीत असे (नांव मोठें बोलकें!), व ती २००८ सालीं मायक्रोसॉफ्टनें विकत घेतली होती. ऑक्टोबरांत यंत्रें बिघडलीं. १० तारखेस ग्राहकांस कळविण्यांत आलें, कीं फोनांत जें आतां दिसत नाहीं तें जवळजवळ निश्चित गेलें. बॅटरी काढूं नका, नाहींतर उरलेलेंही जाईल. सुदैवानें १५ तारखेस बहुतेक माहिती परत मिळविल्याचें मायक्रोसॉफ्टनें जाहीर केलें.

माहिती दूर होती याचें आम्हांस कांहीं वाटत नाहीं. तिची भरंवशाची दुसरी प्रत नव्हती, हें वाईट. कालिदासाच्या यक्षानें मेघावर निरोप सोंपविला खरा, पण आजचा मेघ म्हणजे कुलुपबंद इमारतींतील यंत्रांच्या रांगा, आणि त्यांचे नियम घरमालक ठरवितो. २०१५ सालीं गूगल फोटोजनें, प्रत किंचित् हलकी करून घेतल्यास, अमर्याद जागा फुकट दिली. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली, आणि नवीं चित्रें टपालासह १५ जीबींत मोजलीं जाऊं लागलीं.

शिवाय अशी छायाचित्रांची जुळणी चालू असतां फोनवरून चित्र पुसलें, तर कांहीं दिवस टोपलींत राहून तें मेघांतूनही जातें. आमच्या घरीं म्हणून दरवर्षीं दिवाळीच्या सुट्टींत सर्व छायाचित्रें एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क दागिन्यांच्या कपाटांत ठेवण्यांत येते.