काजळीत कालवलेला निळा

कृष्णधवल छायाचित्रं घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापणाऱ्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. शुद्ध कार्बनची शाई भरली की चित्र तपकिरी येतं. गडद काळा काळाच राहतो. पण गालावरची सावली, ढगाची कड, ओल्या रस्त्यावरची चमक, जिथे म्हणून शाई पातळ होते, तिथे तिथे एक उबदार, मातकट झाक दिसू लागते. प्रिंटर कंपनीच्या मूळ कार्ट्रिजऐवजी बाहेरच्या उत्पादकांच्या शाया वापरणाऱ्यांना यावरचा उपायही ठाऊक असतो. काजळीत किंचित निळं रंगद्रव्य मिसळलेली बाटली घ्यायची, की करडा रंग ताळ्यावर येतो. ही युक्ती गेल्या २५-३० वर्षांतली आणि अमेरिकी डोक्यातून निघालेली, असं सर्रास समजलं जातं. तिचं कूळ मात्र सहाव्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथात, झाडाच्या सालीपाशी सापडतं.

माहितीतले टप्पे थोडक्यात उरकता येतात. संगीतकार ग्रॅहम नॅश यांनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स सुरू केली आणि आयरिस प्रिंटरवर कलादालनात टांगण्याजोगी चित्रं निघू लागली. पण त्या शाया विरघळणाऱ्या रंगांच्या होत्या, उजेडात विटायच्या. २००० साली एप्सनने रंगद्रव्याची शाई वापरणारा २०००पी आणला. त्याचे करडे रंग दिव्याखाली ठीक दिसत आणि दिवसाच्या उजेडात हिरवट. त्याच वर्षी व्हरमॉंटच्या जॉन कोन यांनी पिझोग्राफी विकायला काढली. रंगीत शायांच्या चार जागी एकाच काळ्याच्या चार पातळ्या भरायच्या. पुढे त्या सात झाल्या. पॉल रोअर्क या कॅलिफोर्नियातल्या छायाचित्रकाराने एमआयएस कंपनीची एबोनी ही मॅट काळी शाई घरीच पातळ करण्याची कृती सगळ्यांसाठी खुली केली. २००५ मध्ये खुद्द एप्सनने तीन काळे असलेला के३ संच दिला.

खरी गोम तपकिरीत आहे. काजळीचे कण जितके बारीक, तितका ते निळा प्रकाश जास्त गिळतात. विरळ थरातून उरतो तो तांबूस-तपकिरी. कण जाडसर असतील तर तीच काजळी थंड, निळसर करडी दिसते. जपानमध्ये शाईच्या वड्या करणारे कारागीर हा फरक पिढ्यान्‌पिढ्या जपत आले आहेत. पाइनचं लाकूड जाळून धरलेली काजळी जाड, तिची शाई निळसर. तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी बारीक आणि एकसारखी, तिची शाई उबदार. नारा शहरातलं १५७७ पासूनचं कोबाइएन हे शाईघर आजही तेलाच्या काजळीच्या वड्या बनवतं.

इंकजेटला ही निवडच नाही. त्याच्या छिद्राचा व्यास २० मायक्रॉनच्या आसपास, आणि शाई महिनोन्‌महिने कार्ट्रिजमध्ये गाळ न बसता तरंगत राहायला हवी. जाड कण तळाला बसणार, छिद्रं तुंबवणार. म्हणून कण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाइतके बारीक ठेवावे लागतात, आणि बारीक म्हटलं की तपकिरी आलाच.

कुळाबद्दल एक प्रतिस्पर्धी मत आहे आणि ते वजनदार आहे. कार्बनच्या छायाचित्राचा पूर्वज म्हणून बहुतेक जण जोसेफ स्वान यांच्या १८६४ च्या कार्बन प्रिंटकडे बोट दाखवतात. नाव तेच, टिकाऊपणाचा दावाही तोच. पण स्वान यांच्या पद्धतीत काजळी जिलेटिनच्या थरात कोंडलेली असते आणि थराच्या जाडीवरून छटा ठरते. शिवाय काजळीऐवजी गेरूसारखी दुसरी रंगद्रव्यंही त्याच नावाने खपत. इंकजेटमध्ये तसा थर नसतो. तिथे एकच काळा पाण्यासारख्या माध्यमाने चार किंवा सात पायऱ्यांत पातळ केलेला असतो. हे काम कुंचल्याने शाई पातळ करत चित्र रंगवणाऱ्यांचं आहे, आणि काळ्या शाईतच पाच रंग सामावलेले असतात हा विचार झांग येनयुआन या चिनी लेखकाने नवव्या शतकातच मांडला होता. पिझोग्राफीचं नातं तिथे जुळतं; स्वान फार तर दूरचे आप्त.

आता तो शेतीग्रंथ. जिया सिश्ये यांच्या ‘छीमिन याओशू’मध्ये दही-लोणच्यांच्या शेजारी शाईची एक कृती आहे. एक जिन, म्हणजे १६ लिआंग, चाळलेली काजळी घ्यायची. तिला पाच लिआंग उत्तम सरस. हा सरस साध्या पाण्यात भिजवायचा नाही, ॲशच्या सालीच्या अर्कात भिजवायचा. ॲश हे आपल्या जाई-मोगऱ्याच्याच कुळातलं झाड. मग पाच अंड्यांचा पांढरा बलक, कस्तुरी आणि आणखी एक पदार्थ, ज्याच्यावरून भांडण आहे, ते सगळं लोखंडी खलात घालून ३०,००० घाव द्यायचे.

साल कशासाठी? ग्रंथ स्वतःच कारण देतो: पाण्यात घातली की साल हिरवट रंग सोडते, सरस मोकळा करते आणि शाईचा रंग सुधारते. साल केवळ सरसासाठी होती असं मानणाऱ्यांना या वाक्याचा मधला तुकडा पुरतो. पण शेवटचा तुकडा झटकून कसा टाकायचा? त्यात ६५९ साली तांग दरबाराने सिद्ध करवलेल्या औषधिग्रंथाची साक्ष आहे. याच सालीची पारख कशी करावी, तर ती पाण्यात भिजवावी. पाणी निळसर होतं, आणि त्या पाण्याने कागदावर लिहिलं तर अक्षरं निळी दिसतात. सालीचं पाणी कागदावर निळं उमटतं हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी ते काजळीत नुसत्या सरसाच्या सोयीसाठी ओतलं, हे पटत नाही.

भांडण त्या पदार्थाचं. काही अभ्यासक तिथे हिंगूळ वाचतात, काही मोती. दोन्हींची चिन्हं जवळची आहेत आणि नंतरच्या लेखकांनी उतरवून घेतलेल्या कृतींत मोतीच आढळतात. मोती असतील तर तो झळाळीचा मामला, आणि सालीचा निळा एकटाच उरतो. हिंगूळ असेल तर चित्र पालटतं: बारीक काजळीच्या मातकट रंगावर उतारा म्हणून एक निळसर-हिरवा आणि एक लाल. आजच्या तटस्थ करड्या शाईत हेच दोन लागतात, सायन आणि मॅजेंटा. शेतीग्रंथाच्या पाठात हिंगुळाच्या चिन्हाला ‘वाळू’चं चिन्ह जोडलेलं आहे, आणि ती जोडी हिंगुळालाच शोभते. मोत्यांचा पक्ष इथे लंगडा पडतो.

आक्षेप उरतोच. सालीतला निळा हा खरा रंग नव्हे, ते चमकणं आहे. एस्क्युलिन नावाचं द्रव्य अतिनील किरण शोषून निळा प्रकाश सोडतं, आणि दाट काजळी ते किरण आधीच गिळून बसते. गडद अक्षरात त्याचा उपयोग शून्य. पण पातळ शाईत सरसाचं पाणी कागदात काजळीच्या पुढे पसरतं. त्या फिक्या कडेला, नेमक्या जिथे तपकिरी डोळ्यांत भरतो तिथे, ही चमक कामी येत असणार. ग्रंथातून व्हरमॉंटपर्यंत हातोहात आलेली साखळी दाखवता येत नाही. जपानपर्यंतची मात्र बरीचशी दिसते. कोरियन भिक्षू दोनचो याने ६१० मध्ये तिथे शाई करण्याची विद्या नेली, आणि ‘निळी शाई’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जपानी वड्यांत काही कारागीर काजळीत सरळ नीळ घालतात.

एस्क्युलिनची गोष्ट मात्र पुढे थेट आजच्या प्रिंटरच्या कागदापर्यंत येते. १९२९ साली पाउल क्राइस या जर्मन रसायनतज्ज्ञाने हॉर्स चेस्टनटच्या अर्कातल्या याच द्रव्याने पिवळसर धागे शुभ्र दिसतात हे दाखवलं. त्यांच्या टिपणाच्या शीर्षकाचा अर्थच ‘एक नवा काळा आणि एक नवा पांढरा’ असा होता. कपड्यांना आणि कागदाला शुभ्रता देणाऱ्या सगळ्या ऑप्टिकल ब्राइटनरांची सुरुवात तिथली. एस्क्युलिन उजेडात टिकेना, म्हणून नंतर कृत्रिम द्रव्यं आली. तीच आज चमकदार पांढऱ्या फोटो कागदात असतात, आणि शुद्ध कार्बनचा तपकिरी झाकण्यासाठी काही जण मुद्दाम असा कागद निवडतात. शाईतून निघालेला सालीचा निळा असा कागदात शिरला.

बाहेरच्या शायांची तुलना करताना म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: निळा कुठे घातला आहे, आणि तो किती टिकेल. एबोनी किंवा पिझोग्राफीचा कार्बन संच यांत रंग देणारी फक्त काजळी असते; आपल्या पोथ्यांच्या काजळ-डिंकाच्या शाईइतकीच ती उजेडाला दाद देत नाही. मात्र एबोनी मॅट कागदासाठीच. ग्लॉसीवर ती धरत नाही, बोटाला लागते. पिझोग्राफीच्या सेलेनियम किंवा न्यूट्रल संचांत काजळीबरोबर रंगद्रव्यं असतात. त्यांतला निळा, फ्थॅलोसायनिन, चिवट. किरमिजी क्विनॅक्रिडोन तुलनेने कच्चा. किरमिजी आधी उडाला तर करडा हिरवटाकडे झुकतो. आणि निळा कागदाच्या ब्राइटनरमधून घेतला असेल, तर ब्राइटनर संपल्यावर मूळचा तपकिरी आणि कागदाचा पिवळेपणा दोन्ही उघडे पडतात.

वर्षानुवर्षं भिंतीवर राहायचं असेल तर ब्राइटनर नसलेल्या सुती मॅट कागदावर शुद्ध कार्बन छापावा आणि त्याची ऊब मान्य करावी. तटस्थ करडा हवाच असेल तर निळा शाईतून घ्यावा, कागदातून नको. बाटली निवडण्याआधी २१ पायऱ्यांची करडी पट्टी एकाच कागदावर दोन्ही शायांत छापा, निम्मा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि पट्ट्या दक्षिणेच्या खिडकीत दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत राहू द्या. मग काळ्या टोकाकडे पाहू नका. मधल्या, दहाव्या-अकराव्या पायरीवर झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात तपासा.