खूण चुकली की नेम चुकतो

डिसेंबर १९४३ मधली एक रात्र. उत्तर फ्रान्समध्ये अ‍ॅबव्हिल शहराच्या परिसरात, फ्लिक्सकूरजवळ जर्मनांनी उडत्या बॉम्बसाठी एक लहानसा तळ उभारला होता. तो उडवण्यासाठी ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची लँकॅस्टर विमाने गेली. अंधारात लक्ष्य दिसत नसे, म्हणून आधी एक वेगळे विमान उंचावरून लक्ष्यावर रंगीत ज्वाळांची खूण टाकी. मागून येणाऱ्यांनी त्या खुणेवर नेम धरायचा. त्या रात्री ६१७ च्या वैमानिकांनी आपले काम चोख केले. एकेका विमानातून पडलेले बारा-बारा हजार पौंडांचे, म्हणजे सुमारे ५,४०० किलो वजनाचे बॉम्ब खुणेपासून शंभर यार्डांच्या आत पडले. त्या काळी हे जवळजवळ अविश्वसनीय होते.

तळाला मात्र धक्का लागला नाही. खूणच लक्ष्यापासून साडेतीनशे यार्ड दूर पडली होती.

विज्ञानाच्या शिक्षकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. व्हर्नियर कॅलिपरचा शून्य मुळातच सरकलेला असला, तर वर्गातली पाच मुले अगदी एकसारखे माप घेतात आणि पाचही मापे चुकीची असतात. मापे एकमेकांजवळ येणे वेगळे आणि ती खऱ्या किमतीजवळ येणे वेगळे. हा फरक फळ्यावर लिहून मुलांना पटतोच असे नाही. फ्लिक्सकूरची गोष्ट सांगितली की पटतो, असा आमचा अनुभव आहे.

त्या स्क्वाड्रनचा नवा प्रमुख होता लेनर्ड चेशायर. वय २६. त्याच्या युद्धातल्या कामगिरीची कहाणी अनेकदा शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण आम्हाला तिच्यात दुसरेही काही दिसते. नेम म्हणजे काय, या एकाच प्रश्नाभोवती ती फिरत राहते.

चेशायरचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ चा. वडील ऑक्सफर्डमध्ये कायद्याचे प्राध्यापक. मुलगाही तिथेच कायदा शिकला आणि अभ्यासापेक्षा विद्यापीठाच्या हवाई पथकात अधिक रमला. युद्ध सुरू झाले आणि जून १९४० मध्ये तो १०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. तिथे व्हिटली नावाची जुनाट, संथ, दोन इंजिनांची विमाने होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलोनवर असताना विमानाला तोफगोळ्याचा तडाखा बसला, आत ठेवलेली प्रकाशज्वाळ पेटली आणि विमानाच्या कुशीला मोठे भगदाड पडले. रेडिओ सांभाळणारा सहकारी भाजून निघाला होता. अशा अवस्थेतले विमान चेशायरने इंग्लंडला परत आणले. त्याबद्दल त्याला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली. इतक्या कनिष्ठ अधिकाऱ्याला हा सन्मान क्वचितच मिळे. पुढे तो त्याला आणखी दोनदा मिळाला.

ही विमाने जिवावर उदार होऊन जात होती. पण बॉम्ब पडत कुठे होते? त्याचे उत्तर कोणालाच नीट ठाऊक नव्हते. वैमानिक परत येऊन ‘लक्ष्यावर बॉम्ब टाकले’ असे सांगत आणि त्यांना तसे खरोखरच वाटत असे. ऑगस्ट १९४१ मध्ये बट नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याने विमानांतून काढलेली शेकडो छायाचित्रे तपासून अहवाल दिला. ‘लक्ष्यावर हल्ला केला’ अशी नोंद असलेल्या विमानांपैकी केवळ एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या आत पोचली होती. धुराने भरलेल्या रूर खोऱ्यावर तर दहांतले एकच. शाळेवर नेम धरावा आणि बॉम्ब तीन गावे ओलांडून पडावा, अशातला हा प्रकार.

या अहवालातून दोन वाटा निघत होत्या. एक, नेम सुधारावा. दोन, लक्ष्यच एवढे मोठे घ्यावे की चुकायला जागा राहू नये. फेब्रुवारी १९४२ पासून ब्रिटनने मुख्यतः दुसरी वाट धरली आणि अख्खी शहरे हेच लक्ष्य ठरले. नेम सुधारण्याचे प्रयत्न चालू होते, पण ते शहरांसाठीच. चेशायर या धोरणापासून अलिप्त नव्हता. ऑगस्ट १९४२ पासून तो ७६ क्रमांकाच्या हॅलिफॅक्स विमानांच्या स्क्वाड्रनचा प्रमुख होता आणि या विमानांनी जर्मन शहरांवर बॉम्ब टाकले. हे झाकून त्याची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

प्रमुख म्हणून तो कसा होता, याची एक खूण पुरेशी आहे. तळावरच्या माणसांना तो नावानिशी ओळखे. त्यांत विमाने दुरुस्त करणारे, दारूगोळा भरणारेही आले. हॅलिफॅक्स विमाने फार पडत होती. ती जड आहेत हे ओळखून त्याने पाठीवरचा मशीनगनचा घुमट आणि धुराड्यांवरची झाकणे काढायला लावली. संरक्षण कमी केले की जगण्याची शक्यता वाढते, हे वरिष्ठांना पटवणे सोपे नसणार. बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख उड्डाण-सैनिकांपैकी ५५,५७३ मारले गेले, हा आकडा पाहिला की अशा प्रयोगांचे मोल समजते.

१९४३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो ब्रिटिश हवाई दलातला सर्वांत तरुण ग्रुप कॅप्टन झाला आणि एका प्रशिक्षण तळावर जाऊन पडला. तिथे त्याचे मन रमेना. ६१७ च्या प्रमुखाची जागा रिकामी होती. ती मिळावी म्हणून त्याने स्वतःहून एक पायरी खाली येत विंग कमांडर होणे पत्करले. याच स्क्वाड्रनने त्याआधी मे १९४३ मध्ये जर्मनीतली धरणे फोडली होती. पाण्यावर टप्पे खाणाऱ्या त्या बॉम्बवर एक वेगळाच लेख होईल.

आता फ्लिक्सकूरच्या चुकीकडे परत जाऊ. त्या वेळी खूण टाकणारे विमान खूप उंचावरून, इंग्लंडमधल्या दोन रेडिओ केंद्रांच्या संकेतांवर चाले. चेशायर आणि त्याचा सहकारी मिक मार्टिन यांचे म्हणणे असे की, खूण अगदी खाली उतरून, डोळ्यांनी लक्ष्य पाहून टाकावी. यामागचे गणित आठवी-नववीचा विद्यार्थीही करू शकेल.

समजा विमान ४,५०० मीटर उंचीवर आहे. हवेचा रोध सोडून दिला तर वस्तू खाली यायला सुमारे ३० सेकंद लागतात. विमानाचा वेग ताशी ३०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. म्हणजे बॉम्ब सोडल्या जागेच्या पुढे अडीच किलोमीटरवर पडेल. इतके अंतर आधी तो सोडायला हवा. वाऱ्याचा अंदाज सेकंदाला फक्त १० मीटरने चुकला, तर ३० सेकंदांत चूक होते ३०० मीटरची. आता तेच विमान ६० मीटरवर आणा. पडायला लागतात साडेतीन सेकंद आणि वाऱ्याची तीच चूक उरते ३५ मीटरची.

हे वर्गाबाहेर करूनही पाहता येते. मुलाने भरभर चालत जमिनीवरच्या वाटीत कमरेच्या उंचीवरून गोटी टाकावी. मग शाळेच्या गच्चीवर चालत खालच्या खडूच्या वर्तुळात टाकावी. (खाली कोणी उभे नाही ना, एवढे पाहावे.) चूक कशी वाढते ते दोन-चार प्रयत्नांत दिसते.

गणित सोपे, अडचण वेगळीच होती. चार इंजिनांचे अजस्र विमान ६० मीटरवर आणले तर खालच्या तोफांना ते चुकवणे कठीण. वरिष्ठ या कल्पनेला सहजी राजी नव्हते. चेशायरने ते करून दाखवले ८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री, फ्रान्समधल्या लिमोजला. तिथल्या नोम-रोन कारखान्यात जर्मनांसाठी विमानांची इंजिने बनत. काम करणारे होते फ्रेंच कामगार, रात्रपाळीवर. कारखान्याला लागूनच वस्ती होती. चेशायर चांदण्यात कारखान्याच्या छपरावरून अगदी खालून एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला, तिसऱ्यांदा गेला. बॉम्ब टाकला नाही. पळा, एवढेच त्याला सांगायचे होते. चौथ्या फेरीत शंभर फुटांहून कमी उंचीवरून त्याने आग लावणारे बॉम्ब टाकून खूण केली. मागून अकरा लँकॅस्टर आली. अकरा प्रचंड बॉम्बपैकी दहा कारखान्यावर पडले, एक शेजारच्या नदीत. उत्पादन जवळजवळ बंद पडले. फ्रेंच माणसे दगावलीच असतील तर अगदी थोडी.

त्या तीन फेऱ्यांत शत्रूला सावध व्हायला पुरेसा वेळ मिळत होता. तो वेळ चेशायरने आपल्या आणि सहकाऱ्यांच्या जिवावर खर्च केला. कारखान्याला संरक्षण जेमतेम दोन मशीनगनचे होते, हेही खरे. चारच दिवसांनी दक्षिण फ्रान्समधल्या अँतिओरच्या रेल्वेपुलावर हीच युक्ती फसली. तिथे तोफा होत्या, मार्टिनच्या विमानातला नेम धरणारा सहकारी ठार झाला आणि पूल तसाच उभा राहिला. तेव्हापासून चेशायर खुणेसाठी लहान, चपळ मॉस्किटो विमान वापरू लागला. पुढे जूनमध्ये अमेरिकन मस्टँग मिळाले. विमान आले त्याच दिवशी, त्या जातीचे विमान पूर्वी कधीही चालवलेले नसताना, तो ते घेऊन सिराकूरच्या लक्ष्यावर गेला!

एप्रिल १९४४ मध्ये म्युनिकवर त्याने अशीच खूण टाकली. दोनशेहून अधिक विमानांच्या हल्ल्याला ती दिशा देणार होती आणि तिने ती दिली. पण ही खूण एका कारखान्यावर नव्हती, शहराच्या मध्यावर होती. लिमोजला ज्या कौशल्याने कामगार वाचले, त्याच कौशल्याने म्युनिकची आग अधिक नेमकी लागली. विद्यार्थ्यांना या दोन रात्री शेजारी-शेजारी ठेवून दाखवाव्यात.

५ जून १९४४ च्या रात्रीचे काम या सगळ्याहून निराळे. दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणार होत्या आणि शत्रूचे लक्ष दुसरीकडे वळवायचे होते. ६१७ च्या सोळा विमानांनी एकही बॉम्ब न टाकता रडारच्या पडद्यावर खोटे आरमार निर्माण करायचे ठरले. साधन होते धातूचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांचे. पट्टीची लांबी रडारच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मी ठेवली की ती लाटा जोरात परत पाठवते. जर्मन व्युर्त्सबुर्ग रडारची तरंगलांबी सुमारे ५३ सेंटिमीटर, म्हणून त्यासाठीच्या पट्ट्या २७ सेंटिमीटरच्या आसपास. वेगळे रडार, वेगळी लांबी.

खरी मेख वेगात होती. जहाजांचा ताफा जातो ताशी बारा-तेरा किलोमीटरने आणि विमान जाते त्याच्या वीसपटीहून जास्त वेगाने. मग विमानांनी करायचे काय? आठ-आठ विमानांनी लांबट चौकोनात घिरट्या घालायच्या आणि प्रत्येक घिरटी आधीच्या घिरटीपेक्षा थोडी पुढे सरकवायची. ठरलेल्या सेकंदाला पट्ट्यांचा गठ्ठा बाहेर, ठरलेल्या सेकंदाला वळण. असे तासन् तास. मध्ये दुसऱ्या आठ विमानांनी पहिल्यांची जागा घ्यायची, तीही खंड न पडता. हात दुखून येतील म्हणून प्रत्येक विमानात जादा माणसे घेतली होती. चेशायर या रात्री पुढच्या विमानात दुय्यम वैमानिक म्हणून बसला होता. जर्मनांची नेमकी किती फसगत झाली याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण दिशादर्शनाचा कस पाहणारे असे काम त्या युद्धात थोडेच झाले असेल.

जुलै १९४४ मध्ये शंभर मोहिमांनंतर वरिष्ठांनी त्याला सक्तीने खाली उतरवले. सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हा सन्मान सहसा एखाद्या क्षणाच्या धाडसासाठी मिळतो. चेशायरला तो चार वर्षे सतत दाखवलेल्या धैर्यासाठी मिळाला. त्यानंतर काही काळ तो कलकत्त्याच्या हवाई मुख्यालयात होता. मग वॉशिंग्टनला गेला.

आणि तिथून ९ ऑगस्ट १९४५ रोजी, विल्यम पेनी या शास्त्रज्ञासह, ब्रिटनचा निरीक्षक म्हणून अमेरिकन बी-२९ विमानात. ठरल्या जागी तीन विमाने एकत्र यायची होती. चेशायरचे विमान चुकामूक होऊन मागे राहिले. त्याने पाहिला तो दुरून, नागासाकीवर चढत जाणारा ढग.

त्या दिवशी बॉम्ब टाकणाऱ्या विमानाला लक्ष्य डोळ्यांनी पाहूनच बॉम्ब टाकण्याचा हुकूम होता. पहिले लक्ष्य कोकुरा दिसेना, म्हणून ते नागासाकीला आले. तिथेही ढग. बॉम्ब ठरलेल्या जागेपासून तीन किलोमीटरच्या आसपास दूर, उराकामी खोऋयावर फुटला. फ्लिक्सकूरला साडेतीनशे यार्डांनी सगळी रात्र वाया गेली होती. इथे त्याच्या कितीतरी पट चूक होऊनही वर्षअखेरपर्यंत सुमारे सत्तर हजार माणसे मेली.

या बॉम्बमुळे युद्ध थांबले आणि त्याहून जास्त जीव वाचले, हे मत चेशायरने शेवटपर्यंत सोडले नाही. आम्हाला ते पूर्णपणे पटत नाही. पण ज्याने लिमोजवर तीन रिकाम्या फेऱ्या मारल्या त्याचे हे मत आहे, हे विसरून त्याच्याशी वाद घालता येत नाही. १९४६ च्या आरंभी त्याने हवाई दल सोडले. १९४८ मध्ये, कोणी सांभाळायला नसलेला एक मरणासन्न माणूस त्याने आपल्या घरी आणला आणि स्वतः त्याची शुश्रूषा केली. त्यातून अपंग व दीर्घकाळ आजारी माणसांसाठी चेशायर होम्स उभी राहिली. भारतातली त्यांची सुरुवात १९५० च्या दशकात मुंबईला, अंधेरीत झाली. एप्रिल १९५९ मध्ये स्यू रायडर यांच्याशी त्याचे लग्न झाले, तेही मुंबईतच. ३१ जुलै १९९२ रोजी तो वारला.