टेपचं दुसरं टोक

शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवला. पण क्रीडास्पर्धा आल्या की खेळाचे सर मला हमखास लांब उडीच्या खड्ड्यावर उभं करत. टेपचं एक टोक त्यांच्याकडे, दुसरं माझ्याकडे. परवा नातवाने विचारलं, "आबा, लांब उडीचा विश्वविक्रम किती जुना आहे?" सांगता सांगता बरंच काही आठवलं. ते इथे लिहून ठेवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको सिटीचं ऑलिंपिक. अमेरिकेच्या बॉब बीमनने ८.९० मीटर उडी मारली. आधीचा विक्रम ८.३५ चा, म्हणजे एका उडीत ५५ सेंटिमीटरची भर! तिथलं मोजायचं यंत्र तेवढ्या लांब पोचेना, शेवटी साधी टेप आणावी लागली. (हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला होता!) उंचावरचं शहर, विरळ हवा, पाठीशी नियमात बसेल इतका पुरेपूर वारा, सगळं जुळून आलं होतं. हा विक्रम जवळजवळ २३ वर्षं टिकला.

मग आला ३० ऑगस्ट १९९१. टोकियोतली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. कार्ल लुईस दहा वर्षं लांब उडीत हरला नव्हता, ओळीने ६५ स्पर्धा जिंकलेल्या. पाचच दिवसांपूर्वी त्याने तिथेच १०० मीटर ९.८६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला होता. समोर त्याच्याच देशाचा माइक पॉवेल, लुईसला एकदाही हरवू न शकलेला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्येही लुईसला सुवर्ण आणि याला रौप्य.

पहिली उडी लुईसची ८.६८, पॉवेलची ७.८५. चौथ्या उडीत लुईस ८.९१ वर गेला. बीमनच्याही पुढे! पण पाठीचा वारा सेकंदाला २.९ मीटर होता. दोनच्या वर वारा असला की उडी स्पर्धेत धरतात, विक्रमात नाही. तरीही लुईस पहिला होताच.

मग पॉवेलची पाचवी उडी. वारा जेमतेम ०.३. टेक-ऑफ बरोबर फळीवर, आणि आकडा आला ८.९५!

लुईसच्या दोन उड्या अजून बाकी होत्या. त्याने मारल्या ८.८७ आणि ८.८४. त्यातली ८.८७ ही वाऱ्याच्या नियमात बसणारी त्याची आयुष्यातली सर्वांत लांब उडी. त्याआधीची एक ८.८३ ची धरली, तर त्या संध्याकाळी चार उड्या ८.८० च्या पुढे! आणि एवढं करून तो दुसरा आला. पॉवेलचा विक्रम मात्र आजही उभा आहे.

हे आकडे वर्तमानपत्रातून उतरवून मी वर्गातल्या फळ्यावर लिहिले, आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला.

दोन वर्षांपूर्वीची तालुक्याची स्पर्धा आठवली. आमचा एक मुलगा सगळ्या उड्या एकसारख्या सुरेख मारत होता. दुसऱ्या शाळेच्या मुलाची एकच उडी दोन बोटं पुढे पडली. टेप गुंडाळत मी सगळ्यांसमोर म्हणालो, "शेवटी दुसराच ना रे!" मुलं हसली. तोही हसला. पुढच्या वर्षी त्याने नाव दिलं नाही. मी विचारलंही नाही. टोकियोची बातमी आली तोवर तो शाळा सोडून गेला होता.

नियम चुकीचा नाही. सर्वांत लांब उडीच मोजायची, आणि पॉवेलने ती मारली, हक्काने मारली. पण टेप फक्त अंतर सांगते. बाकीच्या उड्यांबद्दल दोन शब्द बोलायचं काम टेप धरणाऱ्याचं होतं. ते मला त्या दिवशी जमलं नाही.

नातवाने सगळं ऐकून विचारलं, "मग लुईसचं पुढे काय झालं?" म्हटलं, अरे, पुढच्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याने पॉवेलला हरवलं. ८.६७ आणि ८.६४, फक्त तीन सेंटिमीटरने. १९९६ मध्ये अटलांटातही सुवर्ण त्याचंच. त्याने नाव देणं थांबवलं नाही.

आमचा तो मुलगाही आता पन्नाशीला आला असेल. कुठे भेटला, तर त्याच्या सगळ्या उड्यांबद्दल बोलायचं आहे.