प्रयोग एक, संगणक अनेक : अकोल्यातील एका शेतप्रयोगाच्या निमित्ताने

१/१६
अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. खरिपात ज्वारी, रब्बीत गहू. वाफे तेच, खतांच्या मात्रा त्याच, वर्षामागून वर्षे. असा प्रयोग आणि त्याच्या नोंदी सांभाळणारे टेबलावरचे संगणक, यांच्या नात्याचा हा इतिहास. #धागा

२/१६
याचे नाव 'दीर्घ मुदतीचा खत प्रयोग'. त्याचा अखिल भारतीय प्रकल्प १९७० मध्ये सुरू झाला. अकोला केंद्र पुढे त्यात आले. काही वाफ्यांना खतच नाही, काहींना केवळ नत्र, काहींना नत्र-स्फुरद-पालाश, तर काहींना त्याच्या जोडीला शेणखत. वऱ्हाडच्या भारी काळ्या जमिनीचा कस कशाने टिकतो, हा मूळ प्रश्न.

३/१६
जमिनीतील सेंद्रिय कर्बाचा बदल एका हंगामात उमगत नाही. त्यासाठी दशके लागतात. शिवाय प्रत्येक वर्षाचा पाऊस वेगळा. सरलेला हंगाम कोणत्याही प्रयोगशाळेला पुन्हा घडवता येत नाही. म्हणून अशा प्रयोगातील एका वर्षाची नोंद गेली, की ती कायमची गेली.

४/१६
या परंपरेचे मूळ इंग्लंडमधील रोथमस्टेड येथे आहे. तेथील गव्हाचा प्रयोग १८४३ पासून चालतो. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये तेथे रुजू झाले, तेव्हा सत्तराहून अधिक वर्षांच्या नोंदी जपलेल्या होत्या. उत्पादनातील फरक खतामुळे पडला की जमिनीच्या मूळच्या कमी-अधिकपणामुळे, हे ठरवण्याची रीत त्यांनी तेथे घडवली. तिला प्रसरण-विश्लेषण म्हणतात.

५/१६
ही रीत भारतीय शेतीत रुजवणाऱ्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत. डॉ. वि. गो. पानसे यांनी इंदूरला कापसावर संशोधन केले होते, डॉ. पां. वा. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातील. त्यांचा इंग्रजी संख्याशास्त्रीय ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. कृषी पदवीधरांच्या अनेक पिढ्या त्याला नुसते 'पानसे-सुखात्मे' म्हणतात.

६/१६
रीत आली, पण आकडेमोड हातानेच होती. प्रत्येक वाफ्याचे उत्पादन लिहायचे, त्याचे वर्ग करायचे, बेरजा घ्यायच्या, वजाबाक्या करायच्या. सोबतीला हँडल फिरवून चालणारे फॅसिटचे गणनयंत्र. एक आकडा चुकला, तर सारा तक्ता पुन्हा मांडावा लागे.

७/१६
दिल्लीत पुसा येथील कृषी सांख्यिकी संस्थेत १९६४ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक बसला. अकोल्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले २० ऑक्टोबर १९६९ रोजी. त्या काळी संगणक म्हणजे महानगरातील वातानुकूलित दालनात ठेवलेले, छिद्रपत्रांवर चालणारे यंत्र. संशोधकाच्या टेबलाशी त्याचा संबंध नव्हता.

८/१६
१९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. नोव्हेंबर १९८४ च्या धोरणाने भारतात संगणक घेणे सुकर केले. अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ ची. म्हणजे त्याचे आणि टेबलावरच्या संगणकाचे बालपण एकाच काळातले. अकोल्याचा खत प्रयोगही याच दशकातला.

९/१६
ते डॉसचे दिवस. मजकुरासाठी वर्डस्टार, तक्त्यांसाठी लोटस, याद्यांसाठी डीबेस आणि कृषी संशोधकांसाठी अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे एमस्टॅट-सी. फॅसिटवर दिवसच्या दिवस घेणारे विश्लेषण काही मिनिटांत होऊ लागले. संगणक कक्षाच्या दाराबाहेर चपला काढण्याची प्रथा त्याच काळची, आणि ती केवळ आदरापोटी नव्हती.

१०/१६
धूळ हा यंत्राचा वैरी, आणि वऱ्हाडात धुळीला तोटा नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. विजेचा दाब वरखाली होतो. पुढे भारनियमनाच्या वर्षांत तर तासन्‌तास वीज नसे. म्हणून संगणकाआधी स्टॅबिलायझर, यूपीएस आणि त्याच्या बॅटरीत वेळेवर पाणी घालणारा माणूस लागत असे.

११/१६
दुसरा वैरी व्हायरस. विद्यार्थी आपला प्रबंध फ्लॉपीवर घेऊन प्रयोगशाळेतून टायपिंगच्या दुकानात जाई आणि परतताना व्हायरस घेऊन येई. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट मावत. बुरशी लागली किंवा चुंबकाजवळ राहिली, की त्याही गेल्या. प्रत्येक फाइलची दुसरी प्रत ठेवा, हे सांगून थकणाराही तोच माणूस.

१२/१६
या माणसाचे पद कधी तंत्र सहायक, कधी प्रोग्रामर. कित्येकदा संगणकाची आवड असलेला एखादा प्राध्यापकच ते काम अंगावर घेई. शोधनिबंधाच्या लेखकांत त्याचे नाव नसते. मात्र आकडे यंत्रात सुखरूप राहिले नसते, तर त्या निबंधालाही आधार राहिला नसता.

१३/१६
तिसरी अडचण मराठीची. शेतकऱ्यांसाठीच्या पुस्तिका श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींत टंकित होत. प्रत्येकीची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी. एका टेबलावरचे 'सोयाबीन' तो फाँट नसलेल्या दुसऱ्या टेबलावर निरर्थक चिन्हांची रांग होई.

१४/१६
त्यावर उत्तर युनिकोड. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि तिची मांडणी भारतीय इस्की संकेतावर आधारलेली होती. टेबलावर मात्र ती विंडोज २००० नंतर हळूहळू पोचली. मधल्या वर्षांतला पुष्कळ मराठी मजकूर आजही जुन्या फाँटांत अडकलेला आहे. रूपांतर केल्याविना त्यात शोध घेता येत नाही.

१५/१६
टेबलावरचा संगणक पाच-सात वर्षे टिकतो. १९८८ पासून मोजले, तर एका प्रयोगाच्या हयातीत यंत्रांच्या पाच-सहा पिढ्या होतात. प्रत्येक बदलात काही फाइली पुढे येतात, काही मागे राहतात. पेन्सिलीने लिहिलेली शेतनोंदवही कसर लागेपर्यंत वाचता येते. फ्लॉपी शाबूत असली, तरी ती वाचणारे यंत्रच आता सहसा आढळत नाही.

१६/१६
यंत्र खरेदीची तरतूद एकदा होते. सांभाळ रोजचा असतो. साध्या मजकुराच्या फाइली, मराठीसाठी युनिकोड, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारे टिपण, दोन वेगळ्या ठिकाणी प्रती आणि या सर्वांसाठी नेमलेला एक जबाबदार माणूस, एवढे पुरेसे आहे. जुन्या फ्लॉप्या आणि हार्ड डिस्क भंगारात काढण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने त्यांत काय आहे, ते एकदा पाहावे. त्यांत वऱ्हाडचे काही पावसाळे असण्याचा संभव आहे.
#वऱ्हाड #इतिहास