कारखान्याआधीचा विमान अभियंता : डॉ. विष्णू माधव घाटगे

५ ऑगस्ट १९५१. बंगळूरच्या धावपट्टीवरून दोन आसनांचे, संपूर्ण धातूचे एक छोटे विमान आकाशात झेपावले. त्याचे नाव एचटी-२. भारतात आरेखन होऊन उत्पादनापर्यंत पोहोचलेले हे पहिले इंजिनचलित विमान. त्याचे आरेखक होते गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू गावचे विष्णू माधव घाटगे.

त्यांचा जन्म १९०८ चा. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील ग्योटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांचे शिष्य झाले. पंखाच्या पृष्ठभागाला बिलगून वाहणारा हवेचा पातळ थरच विमानाला होणारा विरोध बव्हंशी ठरवतो, हे प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडले होते. आधुनिक वायुगतिकी याच विचारावर उभी आहे. १९३६ मध्ये घाटगे यांना डॉक्टरेट मिळाली. मात्र त्या वेळी हिंदुस्थानात विमानाचा एकही कारखाना नव्हता. ज्या उद्योगाचे शिक्षण घेतले, तो उद्योगच मायदेशी जन्माला यायचा होता!

तो आला डिसेंबर १९४० मध्ये. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ स्थापन केली. (जहाज, मोटार आणि विमान हे तिन्ही उद्योग एकाच माणसाने हाती घ्यावेत, ही स्वतंत्र लेखाची गोष्ट आहे.) घाटगे तेथे रुजू झाले. परवान्यावर अमेरिकन विमाने जोडण्याचे काम चालू असतानाच त्यांनी सैनिक वाहून नेणाऱ्या दहा आसनी ग्लायडरचे आरेखन केले. पण महायुद्धाच्या रेट्यात १९४२ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि कारखाना दोस्तांच्या विमानांचे दुरुस्ती आगार बनला. दुरुस्तीने कामगार घडतात, आरेखक घडत नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीची जबाबदारी घाटगे यांच्याकडे होती. ज्या विद्येसाठी त्यांना परदेशी जावे लागले, ती आता बंगळूरला शिकता येऊ लागली. पुढे १९५१ मध्ये सतीश धवन याच विभागात आले.

स्वातंत्र्यानंतर घाटगे पुन्हा आरेखनाकडे वळले. प्रशिक्षण विमानाची निवड वरकरणी साधी वाटते, पण ती शहाणपणाची होती. नवशिक्या वैमानिकाच्या चुका सोसणारे, देखभालीस सोपे विमान बनवताना आरेखकांचा चमूही शिकत जातो. वायुदलात लाकूड-कापडाच्या टायगर मॉथची जागा एचटी-२ ने घेतली.

१९५६ मध्ये लढाऊ विमानासाठी नामांकित जर्मन आरेखक कुर्ट टँक यांना पाचारण करण्यात आले. ‘मारुत’ची कथा म्हणूनच बहुधा टँक यांच्यापासून सुरू केली जाते. ते अपुरे आहे. टँक आले, तेव्हा आरेखनाचा अनुभव असलेले वरिष्ठ भारतीय अभियंते बोटांवर मोजण्याइतके होते, हे खरे. पण तेवढे तरी होते, ते एचटी-२ सारख्या कामांमुळे.

घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेले ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९६ मध्ये वायुदलाचे ‘सूर्यकिरण’ पथक स्थापन झाले, तेव्हा त्याच्या कसरती याच किरणच्या सुधारित आवृत्तीवर होत असत.