ब्रिटिश गयाना : साम्यवादाचे भय आणि लांबलेले स्वातंत्र्य

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील या ब्रिटिश वसाहतीत (आजचा गयाना) एप्रिल १९५३ मध्ये सार्वत्रिक मताधिकाराने पहिली निवडणूक झाली. पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टीने २४ पैकी १८ जागा जिंकल्या. पक्षाचे नेते छेदी जगन हे उसाच्या मळ्यातील भारतवंशीय कामगारांचे पुत्र, अमेरिकेत शिकलेले दंतवैद्य व मार्क्सवादी होते. ऑक्टोबरमध्ये चर्चिल सरकारने साम्यवादी कटाचा आरोप ठेवून फौज उतरवली, राज्यघटना स्थगित केली आणि १३३ दिवसांचे हे सरकार बडतर्फ केले. पुढे पक्ष फुटला. पक्षातील जगन यांचे सहकारी नेते फोर्ब्स बर्नहॅम वेगळे झाले.

१९६१ मध्ये जगन पुन्हा निवडून आले, तेव्हा मुख्य विरोध वॉशिंग्टनचा होता. क्यूबाच्या अनुभवाने धास्तावलेल्या केनेडी प्रशासनाला जगन यांच्या हाती स्वतंत्र गयाना नको होता. वसाहतवादाला तत्त्वतः विरोध करणारी अमेरिकाच ब्रिटनला घाई करू नका म्हणून सांगत होती, ही विसंगती लपण्यासारखी नाही. १९६३ च्या प्रदीर्घ सार्वत्रिक संपाला सीआयएने पैसा पुरवला. भारतवंशीय व आफ्रिकी समाजांतील वैर याच काळात रक्तपातापर्यंत गेले.

ब्रिटनने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत लादली. डिसेंबर १९६४ मध्ये जगन यांचा पक्ष सर्वांत मोठा ठरूनही बर्नहॅम यांनी आघाडी करून सत्ता घेतली. २६ मे १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला. पुढे याच बर्नहॅम यांनी बॉक्साइट व साखर उद्योगांचे राष्ट्रीयीकरण केले आणि गैरप्रकारांनी भरलेल्या निवडणुकांच्या बळावर १९८५ मध्ये मृत्यू होईपर्यंत सत्ता राखली. जगन १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.