वजन कमी करायचं ऑपरेशन : भीती कशाची, धोका किती?

महापे : नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं होतं. नाव सगळ्यांना माहीत, पण भीती कायम आहे.

'स्लीव्ह' प्रकारात दुर्बिणीने जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. तो परत बसवता येत नाही. टेबलावर जीव जाईल, ही पहिली भीती. अनुभवी डॉक्टरांकडे हजारात साधारण एक ते तिघे दगावतात. दुसरीकडे शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं अंगावर काढण्यातही जिवाला धोका आहेच.

खरी काळजी घरी आल्यावर असते. शिवलेल्या जागेतून गळती, रक्तस्राव, पायातली गाठ फुफ्फुसात जाणं हे धोके पहिल्या काही आठवड्यांत जास्त. ताप, धडधड, दम लागणं, पोटात जोरात दुखणं दिसलं तर थांबू नये. त्यामुळे महापे एमआयडीसीत कामाला असलेल्यांनी लगेच लांब गावी विश्रांतीला जाऊ नये.

पुढे बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. हा खर्च आधीच धरावा.

विमा साधारण बीएमआय ४० असेल तर, किंवा ३५ सोबत ठरावीक गंभीर आजार असेल तरच मिळतो. पॉलिसी आधी वाचावी.

डॉक्टरांना विचारावं : अशी किती ऑपरेशनं केली? रात्री त्रास झाला तर कोण बघणार?